राजाचे गाल

मुखेडात कुणाच्या घरी बाळंतपण झालं, की दवाखान्यातली खाट सुटायच्या आत गुणाबाईला सांगावा जायचा. आधी सांगावा, मग पेढे. गुणाबाईनं उभ्या आयुष्यात दुसरं काम केलंच नव्हतं. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा आणि बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. काम सासूनं शिकवलेलं, आणि सासू गेल्यावर तिच्याच पाटावर बसून ती ते करत आली. नवरा किशन होता तेव्हा चिडवायचा, "गावची लेकरं तुज्या नडगीवर वाढली म्हणूनच अशी टणक निघाली बग." किशनला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

नडग्यांचं मात्र त्यानं खरं सांगितलं होतं. न्हाणीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यावर खोचायचं, पाय लांब सोडायचे आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला पालथं घालायचं. मग कोमट तेल, मग डाळीचं पीठ, मग ऊन ऊन पाणी. तिचे हात असे चालत की डोळ्यांनी बघायचं कामच उरत नसे. कोणतं लेकरू किती भरलं, कुणाचं पोट धरलंय, कुणाची मान अजून कच्ची आहे, हे तिची बोटं घरच्यांच्या आधी ओळखत. गुणाबाईच्या हाताखाली लेकरू बाळसं धरतं, अशी तिची ख्याती होती, आणि तिलाही ती ठाऊक होती. थोडा ताठा होताच तिला. का असू नये?

ज्या पायांवर हे सगळं चाललं होतं, त्या पायांनाच एके दिवशी खाज सुटली.

दिवसभर ओल्या लुगड्यात बसणाऱ्या बाईला गजकर्ण होणं ही काही नवलाची गोष्ट नाही. डाव्या नडगीवर एक लाल कडं उमटलं आणि खाजवून खाजवून गुणाबाईच्या नाकीनऊ आले. तिनं बाजारपेठेतल्या शेषेरावाचं मेडिकल गाठलं. शेषेरावानं पाय बघितलादेखील नाही. मागच्या फळीवरची एक ट्यूब काढून काचेवर ठेवली.

"ही लावा. लई चालून राहिली सध्या."

आणि चाललीच ती. एका रात्रीत खाज गेली, चार-दोन दिवसांत लाली मावळली. अशा ट्यूबला डॉक्टरची चिठ्ठी लागते, हे खोक्यावर छापलेलं होतं. गुणाबाईला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं ते वाचलं नाही. शेषेरावाला येत होतं, तरी त्यानंही वाचलं नाही, आणि मला राग येतो तो त्याचाच. तेव्हापासून ती ट्यूब गुणाबाईच्या कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी राहायला आली. खाज आली की लावायची, गेली की सोडायची. पुन्हा आली की पुन्हा लावायची. पायावर डाग दिसत नाही, म्हणजे पाय साफ, असा तिचा साधा हिशोब होता.

त्याच सुमाराला नागाबाईच्या घरून सांगावा आला. नागाबाईची लेक अयोध्या पहिल्या बाळंतपणाला लातूरहून माहेरी आली होती, आणि तिला मुलगा झाला होता. बारशाला लातूरच्या आजोबांनी नाव ठेवलं राजशेखर. वीतभर लेकरू आणि हे एवढं नाव, म्हणून सगळे त्याला नुसतं राजा म्हणू लागले.

राजा जेमतेम महिन्याचा असताना त्याचे जांघाडे लाल झाले. डायपरची ओल, उकाडा, दुसरं काय. पोरगं रडून घर डोक्यावर घेत होतं. अयोध्याचे डोळे भरून आलेले बघून गुणाबाईनं पिशवीतली ट्यूब काढली आणि बोटावर घेऊन लावली.

"मावशी, चालती का ही एवढ्याशाला?" अयोध्यानं विचारलं.

"माज्या पायाला गुण आलाय माय. फिकर करू नको. पुन्ना दिसलं तर लावत ऱ्हावा."

एवढंच बोलली ती. दुसऱ्या दिवशी लाली गेलेली, राजा गाढ झोपलेला, आणि नागाबाई गल्लीभर गुणाबाईचे गोडवे गात फिरत होती. तिनं नवऱ्याला पाठवून शेषेरावाकडून तीच ट्यूब आणवली, पाळण्याजवळच्या कोनाड्यात ठेवली, आणि पुन्हा दिसायची वाट न बघता प्रत्येक डायपर बदलताना लावायला सुरुवात केली. आजीची माया ती. तिनं हात आखडता घेतला असता तरच नवल.

आणि राजा भरायला लागला. गाल असे वर आले की डोळे बारीक दिसायला लागले. हनुवटीखाली वळी पडली. जी बाई दाराशी येई ती गाल ओढून जाई. "काय बाळसं धरलंय गं!" नागाबाई लगेच म्हणे, "गुणाचा हात हाय माय." मोबाइलवर फोटो लातूरला गेले. तिथून विहीणबाईंनी निरोप धाडला की नातवाला न्यायला येऊ तेव्हा न्हाऊ घालणाऱ्या बाईला लुगडं घेऊन येऊ. गुणाबाईला त्या दोन महिन्यांत आणखी तीन घरं मिळाली. तिन्ही घरांनी राजाचे गाल बघून तिला बोलावलं होतं. कुठं लेकराच्या अंगावर काही लाल दिसलं की तिची पिशवी उघडत होती.

राजाला लातूरला न्यायचा दिवस ठरला. त्याच्या दोन दिवस आधी, एका सकाळी, न्हाणीच्या पत्र्यातून ऊन आत आलं होतं. गुणाबाईनं राजाला पायावर पालथा घातला, पाठीवरून मांडीवर तेलाचा हात फिरवला, आणि हात मध्येच थबकला.

मांडी भरलेली नव्हती. गाल तटतटलेले आणि मांडीला मांस नाही, हे कसलं बाळसं? लेकरू आधी मांड्यांत भरतं, मग गालात, हे तिला सासूनं सांगितलं होतं आणि तिच्या बोटांनी शेकडो वेळा अनुभवलं होतं. तिनं पुन्हा दाबून बघितलं. मऊ, लिबलिबीत. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, आतली निळी शीर दिसत होती. खांद्यांवर, कपाळावर लव वाढलेली. ही लव तिनं आधीही बघितली होती. "डाळीच्या पिठानं जाईल," असं तिनंच सांगितलं होतं.

तिनं त्याला उताणा केला. पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, रुपयाएवढं कडं होतं. कडेला बारीक पुरळ, मध्ये साफ.

गुणाबाईची ट्यूब चार दिवसांपूर्वी संपली होती आणि नवी आणायला वेळ झाला नव्हता. तिनं स्वतःच्या डाव्या नडगीकडे बघितलं. गेलेलं कडं परत आलं होतं. आता ते बांगडीएवढं झालं होतं आणि त्याच्या शेजारी आणखी दोन उमटली होती. राजाचं पोट रोज टेकत होतं ते नेमकं तिथंच.

तिनं झटक्यात लुगडं खाली ओढलं, राजाला पंच्यात गुंडाळलं आणि बाहेर दिलं.

"आज लौकर आटपलंस गं?" नागाबाईनं विचारलं.

"डोकं धरलंय अक्का," ती म्हणाली आणि चहा न घेता निघाली.

तिथून ती तडक शेषेरावाकडे गेली. त्यानं पुन्हा तीच ट्यूब काढली.

"लहान लेकराला चालती का ही?" गुणाबाईनं विचारलं.

"थोडी थोडी लावायला काय होतंय?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बोलताना त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. ट्यूब काचेवर तशीच ठेवून गुणाबाई पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या घरी ती "पाव्हण्याकडं जाऊन येते" असं सांगून पहिल्या एसटीनं नांदेडला गेली. वजिराबादेत कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, डॉक्टर लुंबिनी सोनकांबळे, एवढं तिनं ऐकलं होतं. दवाखान्यात बसल्या बसल्या तिला वाटत होतं की समोरच्या भिंतीलाही आपलं पाप दिसतंय. तिचा नंबर आला. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील, बोलणं आपल्याकडचंच. त्यांनी दिव्याखाली पाय बघितला, कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि विचारलं, "मावशी, काय लावून राहिलात याला?"

गुणाबाईनं रिकामी ट्यूब पुढं केली. डॉक्टरीणबाईंनी एक सुस्कारा सोडला.

"हे बघा. गजकर्ण म्हणजे बुरशी. या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध नावापुरतं हाय, आन् त्याच्यासोबत कडक स्टेरॉइड हाय. स्टेरॉइडनं खाज बसते, लाली बसते, तुम्हाला वाटतं बरं झालं. पर बुरशी मरत न्हाई. ती दबून बसते आन् आतल्या आत पसरते. दिसत न्हाई तेव्हाबी दुसऱ्याला लागू शकते."

"म्हंजे ही ट्यूब जहर हाय?"

"न्हाई हो. स्टेरॉइडबी औषधच हाय. इसबाला आम्हीच देतो, पर कुणाला, कुठं, किती जोराचं आन् किती दिवस, हे ठरवून देतो. बुरशीवर न्हाई देत. तुम्हाला नुसतं बुरशीचं मलम देते. कोरड्या कातडीवर लावायचं, कड्याच्या बाहेर दोन बोटं जाईल एवढं. दोन्ही वक्ताला. सोबत गोळ्या. ही ट्यूब सोडली की आधी खाज उसळून येईल, भ्यायचं न्हाई. आन् डाग गेला म्हणून थांबायचं न्हाई, त्याच्यापुढं आणखी दोन आठवडे लावायचं. पंचा येगळा, कपडे उन्हात वाळवायचे. काम काय करता?"

"घरकाम," गुणाबाई म्हणाली.

"घरात लहान लेकरू हाय का? कुणाला लावली का ही ट्यूब?"

"न्हाई."

हे 'न्हाई' तिच्या तोंडून कसं निघालं, ते तिलाच कळलं नाही. चिठ्ठी घेऊन ती उठली, दारापर्यंत गेली. पाय पुढं टाकवेना. तिथूनच वळून तिनं विचारलं, "आन् येखादीनं लावली असली तर? न्हान्या लेकराला?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कुठं लावली? डायपरच्या आत?"

"...हाव. आसंल."

"तिथं कातडी पातळ असते, वरून डायपर झाकलेलं. सगळं औषध अंगात उतरतं. लेकराचे गाल फुगतात, अंगावर लव येते, आन् लोक म्हणतात बाळसं धरलं."

गुणाबाईनं दाराची चौकट धरली.

"म्हंजे बंद करावी ना? लगीच?"

"हेच तर सांगून राहिले. घरच्या घरी अचानक बंद करून बसायचंबी न्हाई. लई दिवस बाहेरून मिळालं की अंगातलं स्वतःचं बनायचं थांबतं. मग एकदम तोडलं, त्यात ताप आला, उलट्या झाल्या, तर लेकरू गळून जातं. जिवावर बेतू शकतं. त्याला इथं आणा. रक्त तपासून, हळूहळू कमी करून सोडवावं लागतं. मावशी, ते लेकरू कुणाचंबी असो, आज जमलं तर आज आणा."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गुणाबाई तिथंच कोसळली असती.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. नांदेडला जाताना तिनं एक सोपी वाट मनात धरली होती. नागाबाईच्या कोनाड्यातली ट्यूब गुपचूप उचलायची, आणि राजा लातूरला गेला की देव आहे आणि तो आहे. कुणाला काही कळलं नसतं. ती वाट डॉक्टरीणबाईंनी बंद करून टाकली होती. आता एक तर तोंड उघडायचं, नाहीतर गप्प बसून लेकराला देवाच्या हवाली करायचं. तोंड उघडलं तर मुखेडात तिच्या पायांवर कुणी लेकरू देणार नव्हतं. आणि गुणाबाईला दुसरं काय येत होतं? तिनं मनात दहा वेळा वाक्य जुळवलं आणि दहा वेळा मोडलं. आज आणा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण गाडी मुखेडला पोचली तेव्हा दिवे लागले होते, आणि नागाबाईच्या दारात लातूरची मोटार उभी होती. आतून हसण्याचे आवाज येत होते. गुणाबाई दारापर्यंत गेली आणि माघारी फिरली. त्या एका रात्रीचा जाच तिनं पुढं कुणाजवळ बोलून दाखवला नाही, पण तो तिला जन्मभर पुरला.

सकाळी ती गेली तेव्हा अंगणात सतरंजी टाकलेली, गल्लीतल्या बायका जमलेल्या. अयोध्याची ओटी भरायची होती, आणि गुणाबाईच्या हातचं राजाचं मुखेडातलं शेवटचं न्हाणं. विहीणबाई हिरवं लुगडं मांडीवर घेऊन ऐटीत बसल्या होत्या.

"ये गं गुणा," नागाबाई म्हणाली. "पाणी तापलंय. जलदी कर, ऊन व्हायच्या आत निगायचं हाय. पोरगं जरा कुरकुर करून राहिलंय. रात्री दोनदा दूध ओकलं."

"ओकलं?"

गुणाबाईनं पुढं होऊन राजाच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं होतं. नेहमी तिला बघून पाय झाडणारा राजा आज मान टाकून पडला होता, आणि त्याचे ते कौतुकाचे गाल दोन्हीकडे ओघळले होते.

"तापलंय लेकरू. काल काय लावलं का त्याला?"

"ट्यूब संपली कालच. आता लातूरला घेतील नवी. ताप काय, गाडीत बसलं की वाऱ्यानं उतरंल. घे पायावर."

नागाबाईनं राजाला पुढं केलं. गुणाबाई मागं सरली. दारी आलेलं लेकरू तिनं नाकारलं असं आजवर झालं नव्हतं.

"मी न्हाई घेत पायावर, अक्का."

"आगं पन का?"

गुणाबाईनं जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. ती वाकली आणि तिनं सगळ्यांच्या समोर लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं. रात्रीतून खाजवून लाल झालेली तीन कडी भर उन्हात सगळ्यांना दिसली.

"हे बगा. हे माज्या पायाचं राजाच्या पोटावर गेलंय. उघडून बगा, बेंबीपाशी हाय. आन् ती ट्यूब लई कडक हाय. लेकराला लावायची नसती. मीच लावली, मीच सांगितली. काल नांदेडच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं मला. ट्यूब एकदम सुटली आन् ताप आला तर लेकराच्या जिवाला धोका हाय. आत्ता नांदेडला न्या त्याला. लातूरला नगा."

विहीणबाई उसळल्या.

"काय बोलून राहिली ही बाई? एवढं बाळसं धरलेलं लेकरू, त्याला रोगी म्हनती? मुहूर्ताच्या वक्ताला!"

"बाई, बाळसं मला वळखता येतं," गुणाबाई म्हणाली. "माजा जलम गेला त्यात. हे बाळसं न्हाई. ही सूज हाय. मांडी दाबून बगा त्याची."

नागाबाईचा चेहरा पांढराफटक पडला, आणि दुसऱ्या क्षणी लाल झाला. "तूच दिलीस की गं! माज्या डोळ्यांदेखत तू लावलीस! आन् आता सांगतीस?"

"हाव अक्का. मीच दिली."

या गोंधळात अयोध्या पुढं झाली. तिनं राजाचं झबलं वर केलं, पोटावरचं कडं बघितलं, मग गुणाबाईची नडगी बघितली. मग आईच्या हातून लेकरू ओढून घेतलं आणि चपला शोधायला लागली.

"कोणता दवाखाना, मावशी?"

"दाखवते चल."

"हिला कशाला गाडीत..." विहीणबाई सुरू झाल्या.

"तिला दवाखाना माहीत हाय," अयोध्या म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली. हिरवं लुगडं सतरंजीवर तसंच राहिलं.

नांदेडची वाट त्या दिवशी सरता सरेना. पुढं अयोध्याचा नवरा उमाशंकर गाडी हाकत होता, मागं अयोध्या, नागाबाई, आणि दाराशी अंग चोरून गुणाबाई. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. राजा आणखी एकदा ओकला आणि मग रडायचाही थांबला. अयोध्या त्याला हलवत होती, "राजा, ए राजा, डोळे उघड ना." गुणाबाईला हात पुढं करावासा वाटत होता. बाळ असं निपचित झालं की तळपाय चोळायचे, हे तिच्या हातांना पाठ होतं. पण तिनं दोन्ही हात पदराखाली घट्ट दाबून ठेवले. आजवर ज्या हातांचा गर्व केला, त्या हातांची त्या वेळी तिला भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी राजाला बघितलं मात्र, त्या स्वतः उठल्या आणि जवळच्या लेकरांच्या दवाखान्यात त्याला घेऊन पळाल्या. सुई लागली, सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. गुणाबाई जिन्यापाशी जमिनीवर बसून होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ती हात जोडून उभी राहिली.

"काल मी खोटं बोलले, बाई."

"माहीत हाय मला," त्या म्हणाल्या. "दारातून वळलात तेव्हाच कळलं. म्हणून तर सगळं सांगितलं. तेव्हाच ओढून खरं काढून घ्यायला पाहिजे होतं मी. रात्रभर माझ्याबी डोळ्याला डोळा न्हाई." मग थोडं थांबून म्हणाल्या, "वक्तावर आणलं. लातूरच्या वाटेवर असता तर अवघड होतं."

संध्याकाळी राजानं डोळे उघडले आणि आईला शोधून रडायला लागला. ते रडणं ऐकून गुणाबाईचा जीव भांड्यात पडला. नागाबाई बाहेर आली. दिवसभराचं रडणं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"वाचलं लेकरू. आता तू जा," ती म्हणाली. "आन् माज्या दाराकडं पुन्ना फिरकू नको."

गुणाबाई एसटीनं परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उरलेल्या तिन्ही घरी गेली, न्हाऊ घालायला नव्हे. प्रत्येक दारात उभं राहून तिनं तेच सांगितलं, पाय उघडून दाखवला, आणि तिची ट्यूब कुणी आणून ठेवली असेल तर लेकरासकट दवाखान्यात न्यायला सांगितलं. एका घरी बाईनं दार तिच्या तोंडावर लावलं. एका घरी सासूनं शिव्या दिल्या. तिसऱ्या घरची सून मुकाट्यानं आत गेली, ट्यूब घेऊन आली आणि लेकराला उचलून तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत आली. त्या लेकराला चार-दोनदाच लावलेली होती, त्याचं काही बिघडलं नव्हतं.

त्यानंतर गुणाबाईला सांगावा आला नाही. ती शेंगा फोडायच्या कामाला जाऊ लागली. ट्यूब सोडल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. पाय आगीसारखे पेटले, कडी मांडीपर्यंत चढली. शेषेरावाचं दुकान चार पावलांवर होतं. एकदा तर ती त्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मग तिला राजाची ती टाकलेली मान आठवली आणि ती घरी परतली. पाय धुवायचे, कोरडे करायचे, कड्याच्या बाहेर दोन बोटं मलम लावायचं. लुगडं उन्हात, पंचा वेगळा. खाज गेली तरी लावलं. डाग गेला तरी लावलं. तिचा हा नेम बघून शेजारणी हसायच्या. हसणाऱ्यांच्याही घरांत तीच ट्यूब होती, पण ते राहू दे.

थंडी सरत आली होती. एका दुपारी गुणाबाई दारात बसली होती आणि समोर सावली पडली. नागाबाई होती. कडेवर राजा; औषध सुटेपर्यंत त्याला लातूरला नेलंच नव्हतं. ती उंबऱ्यावर टेकली.

गुणाबाईनं राजाकडे बघितलं. गाल पार उतरले होते. हनुवटी निघाली होती. तो टकामका तिच्याकडे बघत होता.

"गल्लीतल्या बाया म्हनतेत, लेकरू वाळलं," नागाबाई दुसरीकडे बघत म्हणाली. "डाक्टर म्हनतेत, रक्त चांगलं आलं, औषध सुटलं, बरं हाय. अयोध्याला पटलं. मला..." तिनं राजाचं झबलं सारखं केलं. "मला काय समजत न्हाई बग. तू हात लावून सांग."

गुणाबाई उठली. साबणानं हात धुतले, वेगळ्या पंच्याला पुसले. दोन्ही नडग्या उन्हात धरून नागाबाईला दाखवल्या. साफ होत्या, तरीही तिनं राजाला पायावर घेतलं नाही. वाकळ अंथरली, वर धुतलेलं धोतर घातलं आणि त्याला त्यावर पालथा घातला. पाठीवरून हात खाली आणला. मांडी चाचपली. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

मांडी भरलेली होती. घट्ट, दगडासारखी. राजानं पाय झाडला आणि तिचं बोट घट्ट धरलं.

"सांग की गं," नागाबाई म्हणाली.

गुणाबाईनं लेकरांचे गाल भरावेत म्हणून जन्म घालवला होता. राजाच्या उतरलेल्या गालावर तिनं उलटं बोट ठेवलं आणि तिला हुंदका आवरेना.

"उतरले गं अक्का," ती म्हणाली. "गाल उतरले त्याचे."

मग नागाबाईही रडायला लागली.